थोरल्या राणीचे चार धागे

सशिणीच्या पोटात सकाळ कशी उजाडते, हे बुऱ्हाणपुरात फक्त दोन माणसांनी पाहिलं. एक आमच्या डॉक्टरीणबाई आणि दुसरा मी. बाई आता नाहीत, म्हणजे मला अडवणारं कोणी उरलं नाही. तरी वाचकांना एक खूण सांगून ठेवतो. पुढे जे अशक्य वाटेल ते खरं समजा. जे सहज पटेल तिथे मी थोडा हात फिरवलेला असेल.

आमचं घर सिंधीपुऱ्यात, धंदा तारकशीचा. सोन्याचं पाणी चढवलेली चांदीची कांडी पोलादी पट्टीच्या छिद्रातून ओढायची, मग त्याहून लहान छिद्रातून, मग त्याहूनही लहान. शेवटी हातात जे उरतं ते दिसतं कमी आणि जाणवतं जास्त. ते चपटं करून रेशमावर गुंडाळलं की झाला जरीचा कलाबतू. वडिलांनी ओढलेली एक तार एकदा हरवली, ती तीन दिवसांनी आढ्याला सापडली. एक कोळी तिला आपलीच समजून तिच्यावरून ये-जा करत होता. कोळी बिचारा मान खाली घालून निघून गेला. आम्ही त्याला काही बोललो नाही, धंद्यातला माणूस होता.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे राजेरजवाडे. पगड्या, अंबारीच्या झुली, राण्यांचे शालू. मग संस्थानं विलीन व्हायला लागली. आज हे गेलं, उद्या ते गेलं. एकेक बातमी आली की वडील एक पट्टी उचलून खुंटीला टांगायचे, एक शब्द न बोलता. सगळ्या पट्ट्या टांगून झाल्या तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. माझ्या बोटांना जे येत होतं, ते स्वतंत्र हिंदुस्थानात कोणालाच नको होतं.

त्या दिवसांत बाई आमच्या कारखान्यात आल्या. त्या गावातल्याच, एका मास्तरांची मुलगी, बाहेर शिकून डॉक्टर होऊन आलेल्या आणि तापीकडच्या अंगाला बाळंतपणाचा छोटा दवाखाना चालवणाऱ्या. वय चाळिशीच्या आतबाहेर, पांढरं लुगडं, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण अर्धवट झोपेत आहोत आणि कोणीतरी हळूच उठवतंय.

त्यांना चांदीची बारीक तार हवी होती. मी दिली. त्यांनी ती उजेडात धरली, मग चष्मा काढून धरली, मग चष्मा लावून.

"ही ओढली कोणी?"

"मीच."

"एवढीच बारीक वस्तू ओली असली, निसरडी असली, तर न तोडता उचलशील?"

"बाई, माशीच्या पायातला काटा काढलाय मी. माशी हूं की चूं नाही बोलली."

"माशीची साक्ष आपण नंतर काढू," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी ये, मुरलीधर. अंघोळ करून ये."

दवाखान्यामागे पत्र्याची एक लांब खोली होती. एका भिंतीला पिंजरे, पिंजऱ्यांत ससे, चार-दोन गिनीपिग आणि एक मांजरी, जिला आपण इथली मालकीण आहोत असं वाटायचं. खोलीत ओल्या गवताचा, ईथरचा आणि काजळीचा वास असा मिसळलेला की आत शिरताच डोळ्यांवर गुंगी यायची. पुढची नऊ वर्षं मी त्या गुंगीतच काढली. आजही डोळे मिटले की तो वास येतो, आणि मी कुठल्या सालात बसलोय ते कळेनासं होतं.

बाईंचं संशोधन एकाच प्रश्नाचं होतं. गर्भाशयाला हुकूम कोण देतं? हात उचलायचा तर डोक्यातून निरोप निघतो, पाठीच्या कण्यातून खाली येतो, धाग्यासारख्या मज्जातंतूतून हातापर्यंत पोचतो. मग मूल बाहेर ढकलायचं तर? सशिणीचं गर्भाशय दोन शिंगांचं असतं, बैलाच्या शिंगांसारखं उघडलेलं. त्याच्याकडे धाग्यांच्या दोन जोड्या जातात. एक कमरेतून, मोठ्या आतड्याच्या मागून खाली उतरते. दुसरी माकडहाडाच्या बाजूने येते. एकूण चार. हे चार धागे शोधायचे, चरबीतून मोकळे करायचे आणि काचेच्या आकड्यावर उचलून धरायचे, हे माझं काम. पहिल्यांदा तो धागा दिसला तेव्हा मी श्वास धरून राहिलो. पांढरा, किंचित मोत्याची झाक असलेला. कुठल्याही राणीच्या शालूत मी असा धागा घातला नव्हता.

दुसरं काम काजळीचं. एका पिंपावर गुळगुळीत कागद चढवायचा, तो रॉकेलच्या धुरावर फिरवून मखमलीसारखा काळा करायचा. मेलेल्या सशिणीच्या गर्भाशयाची एक पट्टी कोमट मिठाच्या पाण्यात टांगायची, तिचं एक टोक हलक्या काडीला बांधायचं आणि काडीचं टोक काजळीला टेकवायचं. पिंप घड्याळाच्या चावीवर फिरतं, इतकं सावकाश की ते फिरतंय यावर विश्वासच ठेवावा लागतो. आणि मग ती पट्टी, जिचं या जगात आता कोणी नाही, ना डोकं ना कणा, ती आपली आपण आखडते. सैल होते. पुन्हा आखडते. काळ्या कागदावर पांढऱ्या टेकड्या उमटत जातात, एकामागून एक, असीरगढकडून येणाऱ्या डोंगररांगा धुक्यात दिसतात तशा. दुपारच्या वेळी मी त्या टेकड्या बघत बसायचो आणि मला वाटायचं, कोणीतरी झोपेत कूस बदलतंय आणि त्याचं स्वप्न इकडे उमटतंय.

"बाई, मग झालं की," मी म्हणालो. "ही बया कोणाच्या हुकमाशिवायच हलतेय."

"पट्टी हलणं वेगळं आणि सात पिलं सुखरूप बाहेर घालणं वेगळं," बाई म्हणाल्या. "एका माणसाने टाळी वाजवली म्हणजे लग्न लागत नाही."

आणि भानगडी काही कमी नव्हत्या. मांजराचं ऐका. कोऱ्या मांजरीच्या कमरेतल्या त्याच धाग्याला बॅटरीची तार टेकवली तर गर्भाशय सैल पडतं, आणि गाभण मांजरीच्या त्याच धाग्याला टेकवली तर आवळतं! धागा तोच, निरोप तोच, अर्थ उलटा. बाईंनी हे मला दाखवलं तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय एवढं? सासूचा शब्द नव्या सुनेला एक लागतो न् पोटुशी सुनेला दुसरा. याच्यासाठी मांजर कापायला लागते का?"

बाईंना हे सांगितलं तर त्या दिवसभर हसत होत्या.

आता जिथे मी चुकलो तिथे येतो. इथून पुढे मी फारसं वाढवून सांगणार नाही. वाढवायला जागाच नाही.

सशिणींना मी नावं ठेवली होती. खऱ्या राण्या विलीन झाल्या, म्हणून माझ्या पिंजऱ्यांत राण्या. सगळ्यांत मोठी, राखी रंगाची, एक कान पडलेली, ती थोरली राणी. ती गाभण राहिली तेव्हा बाईंनी ठरवलं, तिचे चारही धागे कापायचे आणि ती आपली आपण विते का ते बघायचं. तिला ईथर दिलं, पोट उघडलं, मी चारही धागे मोकळे केले. तेवढ्यात वॉर्डातून हाक आली. कोणीतरी अडलेली बाई आली होती.

"मुरलीधर, काप आणि शिवून टाक. तुझा हात माझ्याहून हलका आहे." बाई गेल्या.

मी कापले. चारही. कात्री लागल्यावर टोकं किंचित मागे सरली, जशी गोगलगाय शिंगं ओढून घेते.

आमच्या तारकसांत एक रीत आहे. ओढताना तार तुटली तर ती सांधल्याशिवाय बैठकीवरून उठायचं नाही. पाणी प्यायला नाही, कोणी दारात आलं तरी नाही. तुटली तार सोडून उठला त्याच्या घरातलं काहीतरी तुटतं. मी पाच वर्षांचा असल्यापासून हे माझ्या बोटांत भरलेलं. त्या दिवशी माझ्या बोटांनी मला विचारलं नाही. एकपदरी रेशीम घेतलं, टोकाला टोक भिडवलं, चारही धागे सांधले, पोट शिवलं, हात धुतले. हात धुताना लक्षात आलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण बाई परत आल्या त्या घामाने भिजलेल्या, दमलेल्या, आणि टाके बघून म्हणाल्या, "वा! हे तर भरतकाम आहे." मी गप्प बसलो. घरी पट्ट्या खुंटीला होत्या. आणि खरं सांगू, मला वाटलं, सांधलं तर सांधलं, ससा तो ससा, त्याने जगाचं काय अडतंय?

गाभण राहिल्यापासून एकतिसाव्या दिवशी थोरली राणी व्याली. सात पिलं, गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाएवढी. बाई पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसून राहिल्या. "बघ मुरलीधर. कोणाचा हुकूम नाही, कोणाचा निरोप नाही. आपली आपण." त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी पिंजऱ्यातलं गवत सारखं करायला वाकलो.

दोन आठवडे गेले, आणि देडतलाई गावाहून बैलगाडीतून सुभद्रा आली.

वीस-बावीस वर्षांची. ज्वारीच्या राखणीच्या माळ्यावरून पडून पाठीचा कणा मोडलेला. बेंबीच्या चार बोटं वरपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत तिला काही कळत नव्हतं. टोचलं तरी नाही, भाजलं तरी नाही. पोटात मात्र आठवा महिना सरत आलेला. बरोबर सासू, भागाबाई. सुकलेली, काटक, डोळे रडून थकलेले पण जीभ नाही.

बुऱ्हाणपुरातल्या एका मोठ्या सर्जनने तपासून सांगितलं होतं: हिच्या कमरेखाली मेंदूचं राज्य नाही, हिला कळा येणार नाहीत, वेळेआधी पोट कापून मूल काढावं लागेल. त्या दिवसांत पोट कापणं म्हणजे काय ते आजच्या वाचकांना कळणार नाही. त्यातून अशी अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा झालेली बाई टेबलावरून परत येण्याचा भरवसा सर्जनलाही नव्हता. त्यांनी तो लपवलाही नाही.

भागाबाई पत्र्याच्या खोलीच्या दारात उकिडवी बसून विचारत होती, "बाई, मले सुधं सांगा. कापलं तं माही सून वाचंन का?"

"सांगता येत नाही."

"आन् नाही कापलं तं? तिले कळच नाही आली तं? लेकरू आतच..."

"कळ येईल," बाई म्हणाल्या. "तिला ती कळणार नाही, पण पोटाला कळेल. मी डोळ्यांनी पाहिलंय. थांबायचं."

मी कोपऱ्यात पिंपाला काजळी धरत होतो. बाईंनी डोळ्यांनी काय पाहिलं होतं, ते या जगात फक्त मला माहीत होतं. कागद जळायला लागला तरी मला कळलं नाही.

भागाबाई गेल्यावर मी म्हणालो, "बाई, थोरल्या राणीचे धागे मी सांधले होते."

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

"चारही?"

"चारही."

"का?"

मी रीत सांगितली. तुटली तार, बैठक, उठायचं नाही. सांगताना मला वाटलं जमीन दुभंगेल. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मुरलीधर, मी त्या म्हातारीला आत्ता काय सांगितलं, ऐकलंस ना? तुझ्या रिवाजावर मी एका पोरीचा जीव ठेवला असता."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्या उठल्या. थोरल्या राणीला पुन्हा ईथर दिलं, मी सांधलेल्या जागा उघड्या केल्या. टोकं एकजीव झाली होती. बाईंनी सांध्याच्या वरच्या बाजूला बॅटरीच्या चांदीच्या तारा टेकवल्या, मीच ओढलेल्या. आणि सांध्याच्या खाली, तिकडे लांब, गर्भाशयाचं शिंग फिकट पडलं आणि हळूच वळलं, झोपलेल्या मुलाने हाकेला अंग हलवावं तसं. निरोप पोचत होता. माझा सांधा पक्का होता. आयुष्यात मी केलेला सगळ्यांत सुंदर सांधा तो, आणि त्याच्याकडे बघून मला मरून जावंसं वाटलं.

थोरली राणी त्या ईथरमधून परत उठली नाही. तिची पिलं नुकती गवत कुरतडायला लागली होती. मी त्यांना वाटीने दूध पाजून मोठं केलं. सातातली पाच जगली. ही संख्या मी वाढवून सांगू शकलो असतो.

बाईंनी भागाबाईला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर सांगितलं, "मी जे पाहिलं म्हणाले ते चुकीचं होतं. मला पुन्हा बघू दे. सुनेला इथेच ठेव."

"म्हंजे तुमाले बी ठावं नाही?"

"अजून नाही."

भागाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "डाक्तरीन चुकली म्हनते, हे म्या पयल्यांदाच ऐकलं. राह्यते मी."

धाकटी राणी, पांढरी, चार दिवसांपूर्वीच गाभण राहिलेली. या वेळी प्रत्येक धाग्याचा बोटभर तुकडा काढून बाईंसमोर बाटलीत टाकायचा होता, म्हणजे सांधायला काही उरूच नये. मी चार तुकडे टाकले. "आता हात मागे," बाई म्हणाल्या आणि पोट त्यांनी स्वतः शिवलं. मी पाठीमागे एका हाताने दुसरा हात धरून उभा होतो. पहिल्यांदाच मी तुटलेलं तसंच सोडून बैठकीवरून उठलो. घरी गेल्यावर आई म्हणाली, "तोंड असं का? कोण गेलं?" मी जेवलो नाही.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि ते दिवस मला अजून स्वप्नात येतात तसेच आठवतात, कडा नसलेले. वॉर्डात सुभद्रा, मागे धाकटी राणी, मध्ये एक अंगण. दुपारी तापीवरून वारा यायचा. मी सशिणीचं पोट चाचपून वॉर्डात जायचो, तर सुभद्रा विचारायची, "भाऊ, तुमची रानी काय म्हनते?"

"खाते, झोपते. असीरगढच्या किल्लेदारासारखी."

"माह्यावानीच हाये मंग. तिले बी काही समजत नसंन." मग ती पोटावर तळवा ठेवायची. पोटाला हात कळत नव्हता, पण हाताला पोट कळत होतं. "हे पाहा, लाथ मारली. मले हातानंच समजते माह्या लेकराचं. जसं दुसऱ्या बाईच्या पोटाले हात लावावा तसं."

एकतिसावा दिवस आला. धाकटी राणी कोपऱ्यात बसून राहिली, काही नाही. बत्तिसावा दिवस. काही नाही. सर्जनचा निरोप आला, की आता उशीर करणं म्हणजे हट्ट आहे. बाईंनी निरोप वाचून घडी करून ठेवला. टेबल उद्या दुपारी तयार ठेवा, असं उत्तर त्यांनी लिहिलं आणि ते पाठवायला माझ्या हातात दिलं. मी ते खिशात ठेवलं. "सकाळी देईन," म्हणालो. बाईंनी होकाराची मान हलवली.

सकाळी मी पिंजऱ्याशी गेलो तर धाकटी राणी आपल्याच छातीचे केस उपटून गवतावर अंथरत होती, सशिणी वेत जवळ आलं की करतात तसे. पांढरा कापूस सगळीकडे उडत होता. मी बाईंना हाक मारली की नुसताच ओरडलो, आठवत नाही. आम्ही दोघे जमिनीवर बसलो. तिच्या कुशीत एक लाट आली, ओसरली. पुन्हा आली. काजळीवर बघितलेल्या त्याच टेकड्या, पण या वेळी पांढऱ्या केसांखालून जाणाऱ्या. कोणी तिला सांगितलं नव्हतं. सांगणारे चारही धागे बाटलीत होते. पत्र्याच्या फटीतून उजेड आत आला तेव्हा पहिलं पिलू गवतावर होतं. सहा झाली. सहाही जिवंत.

बाईंनी माझ्या खिशातून ते पत्र काढून घेतलं आणि फाडलं.

सुभद्राचे दिवस त्यानंतर आठवड्याने भरले. भर दुपार होती. तिनेच ओळखलं, तळव्याने. "बाई, पोट गोटा झालं. आता सोडलं. हे पाहा, पुन्हा." बाईंनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या, हात मांडीवर. मी पाण्याचं पातेलं घेऊन दारात उभा होतो. इतकी कर्तबगार बाई नुसती हात आवरून बसलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि ते काम किती अवघड असतं ते बाईंच्या कपाळावरच्या शिरेवरून दिसत होतं. भागाबाई बाहेर उन्हात फेऱ्या घालत देवांची नावं घेत होती. काही देव मी ऐकलेलेही नव्हते.

सुभद्रा छताकडे बघून सांगत होती, जशी लांबवरची गोष्ट सांगावी. "आली... थांबली... मोठी आली, बाई." तिच्या तोंडावर वेदना नव्हती, नुसतं नवल होतं. तास गेले, उन्हं भिंतीवर चढली. अगदी शेवटी, ती जोर लावू शकत नव्हती म्हणून बाईंनी चिमट्याने थोडी मदत केली. थोडीच. बाकी सगळं त्या पोटाने केलं.

मग खोलीत रडण्याचा आवाज आला, बारीक, रागावलेला.

सुभद्राने मान वळवली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तिचा तळवा पोटावरून रिकामाच फिरत होता.

"बाई," ती म्हणाली, "हे कोनाचं लेकरू रडते व?"